पहिले इंग्रजी व्याकरण मराठीतून शिकवू द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
यांस,

मी मराठी माध्यमाच्या माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवते. हे पत्र तुम्हाला लिहीत असले तरी बालभारतीत इंग्रजीची पुस्तके तयार करणारी मंडळी, राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेतले अधिकारी आणि दहावीची कृतिपत्रिका काढणारे माझे सहकारी यांनीही ते वाचावे, म्हणून जाहीरपणे लिहिते आहे.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा असावी की नसावी यावर अवघे राज्य ढवळून निघाले. जूनअखेर शासनाने त्याबाबतचे आपले दोन्ही निर्णय मागे घेतले. त्या गदारोळात पहिलीपासून आधीच सक्तीने असलेल्या इंग्रजीची विचारपूस फारशी झाली नाही. प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० सालच्या जूनपासून, मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झाले. त्याआधी ते पाचवीत सुरू होई. तो निर्णय मला तेव्हाही पटला होता आणि आजही पटतो. शहरातल्या पैसेवाल्यांच्या मुलांना जे मिळते ते वाडीवरच्या मुलालाही मिळायला हवे, हा त्यामागचा विचार होता. तेव्हा पहिलीत बसलेली मुले आज तिशीत आहेत. दहा वर्षे इंग्रजी शिकून बाहेर पडलेल्या या मुलांपैकी कितीतरी जणांना समोरच्या माणसाला ‘तुम्ही काल कुठे होता?’ एवढे इंग्रजीत विचारता येत नाही. याच मुलांनी दहावीला ‘चेंज द व्हॉइस’चा प्रश्न बरोबर सोडवलेला असतो.

याची कारणे म्हणून शिक्षकांना इंग्रजी येत नाही असे सांगितले जाते, मुलांच्या कानावर इंग्रजी पडत नाही असेही सांगितले जाते. दोन्हींत तथ्य आहे. पण तिसरे एक कारण आहे आणि ते आपल्या हातातले आहे. आपण इंग्रजीचे व्याकरण असे शिकवतो, जणू मूल वर्गात येताना कोणतीच भाषा घेऊन आलेले नाही. सहा वर्षांचे मराठी मूल ‘गेला, गेली, गेले, गेल्या’ यांत कधी चुकत नाही. ‘घर’चे ‘घरात’ आणि ‘शाळा’चे ‘शाळेत’ ते न शिकवता करते. एवढे गुंतागुंतीचे व्याकरण डोक्यात असलेल्या मुलाला आपण पाचवीत ‘अ नाउन इज अ नेम ऑफ अ पर्सन, प्लेस ऑर थिंग’ हे त्याला न कळणाऱ्या भाषेत पाठ करायला लावतो. माझे म्हणणे एवढेच आहे : इंग्रजीचे पहिले व्याकरण मुलाला त्याच्या भाषेतून समजावून द्या, दोन भाषांच्या वाटा जिथे वेगळ्या होतात तिथे थांबा, आणि बाकीचा सारा वेळ इंग्रजी ऐकण्या-वाचण्या-बोलण्याला द्या.

वर्गात रोज दिसणारी एक चूक घेते. ‘डिड यू वेंट?’ आणि तिचे भावंड, ‘आय डिडन्ट वेंट’. मराठी माध्यमाच्या प्रत्येक शिक्षकाने या चुकीखाली लाल रेघ मारली आहे. नियम सांगितला जातो, ‘डिडनंतर क्रियापदाचे पहिले रूप’. मुले तो पाठ करतात, चाचणीत बरोबर लिहितात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा ‘डिड यू वेंट’ म्हणतात. कारण ही चूक आळसातून आलेली नाही. मराठीत आपण ‘तू काल बाजारात गेलास का?’ असे विचारतो. काल घडल्याची खूण ‘गेलास’मध्येच आहे, ‘का’ फक्त प्रश्न करतो. नकार घ्या, ‘तो गेला नाही’. इथेही भूतकाळ ‘गेला’मध्येच राहिला. या वाक्यांत मराठी क्रियापद आपला काळ कुणाच्या हवाली करत नाही. इंग्रजी वाक्यात मात्र प्रश्न किंवा नकार आला की ‘डू’ मदतीला येतो, काळाची खूण उचलून स्वतःकडे घेतो, त्याचा ‘डिड’ होतो, आणि मूळ क्रियापद ‘गो’ मोकळे होते. काळ एकदाच दाखवायचा आणि तो ‘डिड’ने दाखवला, मग ‘वेंट’ची गरज उरली नाही. एवढे मराठीतून, फळ्यावर दोन वाक्ये शेजारी लिहून सांगितले, की आठवीतली मुलगी म्हणते, ‘म्हणजे बाई, ‘डझ’ आल्यावर ‘गोज’चा ‘ईएस’ पण जाणार.’ तो नियम मी अजून सांगितलेलाही नसतो. पाठ केलेल्या नियमाने एवढे साधत नाही. हे समजावणे पाच मिनिटांचे. त्यानंतरचा अर्धा तास मुले एकमेकांना इंग्रजीत प्रश्न विचारतात, काल काय खाल्ले, कुणाच्या घरी गेलात, एसटी किती वाजता आली.

शब्दांची जागा हा दुसरा मोठा विषय, आणि तो पहिला धडा असायला हवा. ‘वाघाने शेळीला मारले’ आणि ‘शेळीला वाघाने मारले’ या दोन्ही वाक्यांत मरते शेळीच. कुणी कुणाला मारले हे आपल्याकडे ‘ने’ आणि ‘ला’ सांगतात. इंग्रजीत नामाला हे प्रत्यय नाहीत, म्हणून तिथे सारे काम जागा करते. क्रियापदाच्या आधी उभा तो करणारा. शब्दांची अदलाबदल करा, लगेच शेळी वाघाला मारते. मुले हसतात आणि हसता हसता त्यांना कळते की इंग्रजीत शब्द वाटेल तिथे ठेवता येत नाही. ‘सब्जेक्ट-व्हर्ब-ऑब्जेक्ट’ हे सूत्र आम्ही फळ्यावर लिहितो, पण ते का पाळायचे हे मराठीशी ताडून पाहिल्याशिवाय मुलाला उमगत नाही.

‘आहे’ची गोष्टही अशीच. ‘टेबलावर पेन आहे’, ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘माझ्याकडे पैसे आहेत’, ‘मी शिक्षिका आहे’, या सगळ्यांत आपण एकच क्रियापद वापरतो. इंग्रजी त्याचे तुकडे करते. पेनाला ‘देअर इज’, भाऊ आणि पैसे यांना ‘हॅव’, शिक्षिकेला ‘ॲम’. ‘मला’ने सुरू होणाऱ्या वाक्यांचे तर वेगळे घरच आहे. मला आवडते, मला वाटते, मला माहीत आहे, मला पाहिजे, मला भूक लागली. मराठीत आवडणारी वस्तू कर्ता असते आणि माणसाला ‘ला’ लागतो. इंग्रजीत त्या सगळ्या ‘मला’चा ‘आय’ होतो. ही पाच-सहा वाक्ये एकत्र ठेवून एका तासात दाखवली तर मुलाच्या हाती रोजच्या बोलण्याचा केवढा तरी भाग लागतो. आपल्या पाठ्यपुस्तकात ती वेगवेगळ्या इयत्तांत, वेगवेगळ्या धड्यांत विखुरलेली असतात.

आणि सोपे काय आहे तेही सांगायला हवे. तो गेला, ती गेली, ते गेले, त्या गेल्या, मी गेलो, मी गेले, तू गेलास, तू गेलीस, या सगळ्यांना इंग्रजीत एकच ‘वेंट’. निर्जीव वस्तूंना लिंग नाही. ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून कुणाला काय म्हणायचे हा प्रश्नही नाही, सगळे ‘यू’. इंग्रजीला घाबरलेल्या मुलाला मी हे पहिल्या आठवड्यातच सांगते, की तुला याहून अवघड व्याकरण आधीच येते आहे. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जो फरक पडतो त्यासाठी मी हा पेशा सोडलेला नाही.

काही चुका वर्षानुवर्षे टिकतात आणि सुशिक्षितांच्या तोंडीही असतात. ‘आय हॅड गॉन टू पुणे यस्टर्डे’ हे आपल्याकडे कार्यालयांत रोज ऐकू येते. ते ‘मी काल पुण्याला गेलो होतो’चे जसेच्या तसे रूप आहे. जाऊन परत आलेला माणूस मराठीत सहज ‘गेलो होतो’ म्हणतो. इंग्रजीत साधे ‘वेंट’ पुरते. ‘हॅड गॉन’ लागते ते भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधीचे सांगताना. हे एका वाक्यात मराठीतून सांगता येते, पण ते सांगणारा मजकूर शिक्षकाच्या हाती कुठेच नाही.

आता सर्वांत जास्त गोंधळ जिथे आम्हीच घालतो तिथे येते. मराठीच्या तासाला मूल शिकते की ‘रामाने आंबा खाल्ला’ हा कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद आंब्याप्रमाणे चालते. त्याच दिवशी इंग्रजीच्या तासाला ‘राम एट अ मँगो’ हा ‘ॲक्टिव्ह व्हॉइस’ असतो आणि शिक्षक सांगतात, ‘पॅसिव्ह म्हणजे आपला कर्मणी.’ मुलाने कुणाचे खरे मानायचे? इंग्रजी पॅसिव्हला जवळचे मराठी रूप म्हणजे ‘आंबा रामाकडून खाल्ला गेला’. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकांत त्याला नवीन कर्मणी म्हणतात आणि तो इंग्रजीच्या सहवासाने रुळला असेही त्यात लिहिलेले असते. मराठीचे आणि इंग्रजीचे शिक्षक एकाच शिक्षकखोलीत बसतात, एकाच डब्यातून खातात, पण व्याकरणाबद्दल एकमेकांशी बोलत नाहीत. शब्दयोगी अव्यय आणि प्रिपोझिशन एकच काम करतात, फक्त एक नामाच्या मागे चिकटते आणि दुसरे पुढे सुटे उभे राहते, एवढे तरी दोघांनी मिळून सांगायला काय हरकत आहे? ‘टेबलावर’ उलटून ‘ऑन द टेबल’ करणारे मूल ‘झाडाखाली’ आणि ‘घरात’ स्वतःच उलटते.

दोन्ही भाषांकडे एका नजरेने पाहण्याची आपली परंपरा जुनी आहे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण लिहिले ते इंग्रजी व्याकरणाची मांडणी डोळ्यांसमोर असताना. मोरो केशव दामल्यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त संस्कृत आणि इंग्रजी व्याकरणाचा धागा सतत सोबत असतो. ‘तर्खडकर’ या नावाने ओळखली जाणारी भाषांतर पाठमाला घेऊन कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. ती पाठमाला पुन्हा आणा असे मी म्हणत नाही. एकमेकांशी नाते नसलेल्या वाक्यांची भाषांतरे करून बोलता येत नाही, हे तेव्हाही खरे होते. मुलाची भाषा हाताशी धरण्याचा तिचा विचार मात्र आम्ही टाकून द्यायला नको होता.

माझ्या म्हणण्याला एक भक्कम विरोध आहे आणि तो मी गांभीर्याने घेते. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि दक्षिणेतल्या इतर शहरांतल्या साध्या शाळांमध्ये एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडेच नाहीत. नकाशा वाचणे, वेळापत्रकातून गाडी शोधणे अशी कामे मुलांनी इंग्रजीतून करायची, आणि अर्थाशी झटताना व्याकरण आपोआप आत उतरेल असा विश्वास. १९८७ मध्ये त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले, ते जगभर वाचले जाते. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ च्या वेळी इंग्रजी अध्यापनावर जो निबंध तयार झाला, त्याचाही भर मुलांभोवती भरपूर अर्थपूर्ण इंग्रजी असावे यावर होता. मला हे सारे मान्य आहे. अर्थ नसलेले व्याकरण निरुपयोगी असते. पण तशा वर्गाला इंग्रजीत सहज बोलणारा शिक्षक लागतो. माझ्या तालुक्यात पहिली ते चौथीचे दोनच शिक्षक असलेल्या शाळा आहेत. तिथल्या गुरुजींनी स्वतः मराठी माध्यमात शिकून डी.एड. केले आहे, आणि ते सारे विषय शिकवतात. मुलाच्या कानावर इंग्रजी पडते ते फक्त त्या एका तासात. अशा ठिकाणी पाच मिनिटांच्या मराठी स्पष्टीकरणाने तासाचा उरलेला वेळ इंग्रजीसाठी मोकळा होतो. मराठीला बंदी घातली की ते गुरुजी गप्प बसतात आणि फळ्यावर प्रश्नोत्तरे उतरवून देतात. इंग्रजीच्या तासाला मराठी बोलणे हा अपराध आहे, अशी जी भीती तपासणीच्या वेळी शिक्षकाच्या मनात असते, ती तुम्ही एका परिपत्रकाने काढू शकता.

काय आधी शिकवायचे, या क्रमाचाही विचार हवा. १९७० च्या दशकात हायडी डुले आणि मरीना बर्ट या भाषा-अभ्यासकांनी अमेरिकेत स्पॅनिश आणि चिनी मातृभाषेच्या मुलांचे इंग्रजी तपासले. दोन्ही गटांतली मुले ‘आयएनजी’सारखी रूपे लवकर उचलतात आणि ‘ही गोज’मधला शेवटचा ‘एस’ खूप उशिरा पक्का होतो, असे त्यांना आढळले. पुढच्या अभ्यासांत असेही दिसले की ज्यांच्या भाषेत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत त्यांना ते जास्त काळ छळतात. मराठीत ते नाहीत. तरीही आपण पाचवी-सहावीत याच दोन गोष्टींवर सर्वाधिक गुण कापतो. ‘शी गो टू स्कूल’ म्हणणाऱ्या मुलीने आपले म्हणणे पोचवलेले असते. तिला त्या वयात शब्दांची जागा, प्रश्न, नकार आणि तीन साधे काळ पक्के येऊ द्या. ‘एस’ सांगा, पण त्यासाठी तिला गप्प करू नका.

परीक्षेबद्दल थोडे कडक बोलते. दहावीच्या पत्रिकेत व्याकरणाच्या नावाखाली जे विचारले जाते ते बहुतांशी वाक्यांची उलटापालट आहे. ‘टू’ काढा, ‘नो सूनर’ वापरा, ‘डिग्री’ बदला, ‘व्हॉइस’ बदला, उद्गारार्थीचे विधानार्थी करा. ‘ही इज टू वीक टू वॉक’चे ‘सो वीक दॅट’ करताना मुलाला वाक्य समजावेच लागत नाही, शब्दांच्या जागा ठाऊक असल्या की पुरते. गुण मिळवायचे म्हणून आम्ही शिक्षक फेब्रुवारीत हीच सूत्रे घोटून घेतो, आणि त्यासाठी आधीचे महिने व्याकरण म्हणजे हेच असे मुलांच्या मनावर बिंबवतो. पॅसिव्हची खरी गरज कुठे आहे हे सेमी-इंग्रजीच्या विज्ञानाच्या पुस्तकात पाहा. ‘इज कॉल्ड’, ‘आर फाउंड’, ‘इज प्रोड्यूस्ड’ असे प्रत्येक पानावर आहे, आणि मुले तिथेच अडतात, कारण त्यांनी पॅसिव्ह फक्त ‘बाय मी’ लावण्याचा खेळ म्हणून पाहिलेला असतो. इंग्रजीच्या तासाला विज्ञानाचे एक पान उघडून पॅसिव्ह शिकवला तर दोन विषयांचे काम होते. मुलाने स्वतःबद्दल पाच वाक्ये लिहावीत, एका उताऱ्यावर चार प्रश्न स्वतः तयार करावेत, घडलेली एखादी घटना क्रमाने सांगावी, यांना गुण द्या. वर्गातले शिकवणे वर्षभरात बदलेल, कारण आपल्याकडे परीक्षा बदलल्याशिवाय शिकवणे बदलत नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे.

‘मुलाची भाषा’ म्हणताना मी फक्त मराठी म्हणत नाही हेही सांगायला हवे. मेळघाटातल्या कोरकू मुलाला, गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या मुलीला, नंदुरबारच्या भिली आणि पावरी घरांतल्या मुलांना मराठी हीच शाळेतली पहिली परकी भाषा असते. कोरकू ही मुंडा कुळातली, गोंडी द्रविड कुळातली, म्हणजे मराठीपासूनही दूरच्या. तिथे माझ्या मराठी उदाहरणांचा उपयोग अर्धाच. त्या भाषा बोलणाऱ्या शिक्षकांना आणि शिक्षणसेवकांना बरोबर घेऊन त्यांच्या वाक्यरचनेशी इंग्रजी ताडून पाहणारे साहित्य लागेल. ते काम अवघड आहे, पण त्या मुलांचा दहावीतला इंग्रजीचा निकाल पाहून त्यांना ‘कच्ची’ ठरवण्यापेक्षा ते करणे न्यायाचे आहे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार राज्याचा अभ्यासक्रम सध्या नव्याने लिहिला जात आहे. १९६७ पासून राज्याच्या मुलांची पुस्तके करणाऱ्या बालभारतीने या निमित्ताने एक छोटी हस्तपुस्तिका काढावी. मराठीत लिहिलेली, शिक्षकांसाठी, मराठी आणि इंग्रजी वाक्ये शेजारी ठेवणारी. मराठी मुले कोणत्या चुका करतात, त्या कुठून येतात आणि त्या पाच मिनिटांत कशा समजावायच्या, एवढेच तिच्यात असावे. ती लिहिताना मराठीच्या आणि इंग्रजीच्या शिक्षकांना एका टेबलावर बसवा. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमधून तिच्यावर वर्ग घ्या, आणि त्या वर्गात खेड्यातल्या शिक्षकाला बोलू द्या, कारण चुकांचा खरा साठा त्याच्याकडे आहे. मोठा खर्च नाही, नवी यंत्रणा नाही. इंग्रजी शाळेकडे निघालेल्या पालकांना मराठी शाळेत थांबवायचे असेल तर मराठी शाळेत इंग्रजी चांगले शिकवले जाते हे दिसणे, याहून खात्रीचा उपाय मला माहीत नाही.

मंत्रिमहोदय, हस्तपुस्तिका आणि परीक्षा यांबाबतचा निर्णय तुमच्या कार्यालयातून निघू शकतो. नवी पुस्तके छापखान्यात जाण्याआधी तो घ्या. आमच्यासारख्या शिक्षकांकडून उदाहरणे, चुकांच्या याद्या, वर्गात तपासलेले धडे, जे हवे ते मागा, आम्ही देऊ.

आपली,
मराठी शाळेतली इंग्रजीची एक शिक्षिका